मुरलेला पाय

॥ श्री ॥

मु. डोंगरतळोधी, ता. आरमोरी
५ ऑगस्ट २००१

तीर्थरूप भाऊस,
रीताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र पोचले. इकडे सगळे खुशाल, म्हणजे आईचे गुडघे आणि माझा डावा पाय सोडून. घुग्घुसच्या कोळशाने तुझा रंग अजून किती उतरवला ते कळव. शेजारच्या ठमाबाईंनी तुझ्यासाठी सावली गावाकडची एक मुलगी बघून ठेवली आहे. तिकडे कोणता फोटो पाठवायचा, तू खाणीत जायच्या आधीचा की नंतरचा, यावर त्यांचा आणि आईचा वाद चालू आहे. मी कुणाचीच बाजू घेतलेली नाही, कारण दोन्ही फोटोंत तुझे डोळे मिटलेले आहेत.

आता कामाचे. पोलीस भरतीची जाहिरात यंदा निघणार हे नक्की झाले. मैदानी चाचणी हिवाळा सरताना गडचिरोलीला होईल असे मुली सांगतात. पुढच्या वर्षी माझे वय बाद होते, म्हणजे ही माझी शेवटची संधी. पेपराची मला भीती नाही, भीती धावण्याची आहे. मी आणि माझी मैत्रीण अन्नपूर्णा, तिलाही भरतीच द्यायची आहे, रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून डांबरी रस्त्यापर्यंत धावतो. उन्हाळाभर सगळे नीट होते. आता महिनाभर डाव्या पायाची आग होते आहे, भाऊ. घोट्याच्या आतल्या बाजूने सुरू होते आणि तळव्यात उतरते, ओल्या मिरच्या वाटून लावाव्या तशी. धावताना होते आणि बसल्यावरही होते. परवा तर मी पाळीवरच पाय धरून रडले. अन्नपूर्णेला सांगितले की डोळ्यात चिलट गेले.

बाजारातून घेतलेले कॅनव्हासचे जोडेच वाईट आहेत असे सगळ्यांचे मत पडले. मलाही तेच वाटते. आपल्या घरात आजवर बूट घातला आहे कुणी? मासे धरणाऱ्या ढिवराचा पाय जन्मभर पाण्यात नाही तर गाळात. त्यामुळे बूट चांगला कसा ओळखायचा हे मला विचारशील तर मी काही सांगू शकणार नाही. चंद्रपूरला धावायचे चांगले बूट मिळतात म्हणतात. तुला सुटी मिळाली तर बघ.

बाबा गेल्यापासून आई मच्छीमार सोसायटीच्या बायांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उतरते हे तू जाणतोसच. मला नोकरी लागली की तिला त्या पाण्यातून कायमची बाहेर काढायची, एवढेच माझ्या डोक्यात आहे. तिला मात्र वेगळाच घोर. मला भामरागडला टाकतील, पावसाळ्यात रस्ता बंद होईल आणि पोरगी चार महिने दिसणार नाही. मी म्हटले, आधी मला धावू तर दे.

आईने आशीर्वाद सांगितले आहेत. लांब आहेस म्हणून माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी बहीण,
रीता


घुग्घुस
१९ ऑगस्ट २००१

चि. रीता हिस,
सूरजचे अनेक आशीर्वाद.

फोटो खाणीत जायच्या आधीचाच पाठवा. नंतरचा रंग मुलीला लग्नानंतर कळला तरी चालेल.

तुझ्या पायाचे वाचून मला करमेना. साप्ताहिक सुटीला तडक चंद्रपूर गाठले. जटपुरा गेटाच्या आत कय्यूमभाईंचे जोड्यांचे दुकान आहे. आमच्या शिफ्टची सगळी पोरे त्यांच्याकडेच जातात. मोठा हट्टी माणूस. मी आत जाऊन तुझा नंबर सांगितला तर मला बसवून चहा पाजला आणि झापले. नंबर कंपनीचा असतो, पाय माणसाचा असतो, असे त्यांचे म्हणणे. पायाचे चित्र आणल्याशिवाय धावायचा बूट देणार नाही म्हणाले.

तर ते चित्र असे काढायचे. संध्याकाळी काढायचे, कारण दिवसभर चालून पाय पसरतो. कागदावर उभे राहायचे, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा. पेन्सिल आडवी करायची नाही. आणि स्वतः वाकून काढायचे नाही, दुसऱ्याकडून काढून घ्यायचे, वाकले की पाय सरकतो. आईला सांग. तिला पेन्सिल धरता येत नसेल तर चुलीतला कोळसा दे. कोळसा कमी पडला तर तुझा भाऊ आहेच.

रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली म्हणून तुझ्या जुन्या नंबराने एक जोड घेतलाच. कय्यूमभाईंनी तोंड वाकडे केले, पण दिला. आरमोरीच्या गाडीचा कंडक्टर माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या हाती पाठवतो आहे. घालून बघ आणि खरे काय ते लिही. भावाने पाठवला म्हणून गोड मानून घेऊ नकोस.

पाण्यात उतरताना आईला गुडघ्याला तेल लावायला सांग. तुमच्या दोघींच्या ओढीने दिवस ढकलतो आहे, ती ओढ तिकडूनही असू द्यावी.

तुझा,
सूरज


मु. डोंगरतळोधी
२३ सप्टेंबर २००१

तीर्थरूप भाऊस,
रीताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू खरे लिही म्हणालास म्हणून लिहिते. बूट दिसायला देखणे आहेत. गावातली पोरे बघायला आली होती. पण आग काही थांबली नाही, उलट वाढली. टाच आवळते, करंगळी घासते, आणि घोट्याशी एक दोरी ताणून धरल्यासारखी ठणकते. तिथे बोट लावले तरी मी ओरडते.

करायचे ते सगळे करून झाले. ठमाबाईंनी एरंडाचे पान गरम करून बांधले, विटेचा शेक दिला. आरमोरीच्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी पाय हातात न घेताच सुई टोचली आणि धावणाऱ्यांना असे होतेच, बूट बदला म्हणाले. शिकलेला माणूसही बुटाचेच म्हणतो, तर मग बुटाचेच असणार. आग थांबली नाही तर मैदानावर मी अर्ध्या वाटेत बसेन, भाऊ. आता अन्नपूर्णा माझ्यापुढे निघून जाते आणि मागे वळून थांबते. तिचे ते थांबणे मला फार लागते.

एक गंमत सांगते. परवा बाजारातून आले तर डाव्या पायात चप्पलच नाही. केव्हा सुटली, कुठे सुटली, मला पत्ता नाही. आईने सगळ्या आळीला सांगितले की पोरगी आतापासूनच पोलीस ठाण्यात हरवली आहे, हिला खाली बघायची सवड नाही. तू असतास तर महिनाभर चिडवले असतेस.

सोबत पायांचे चित्र आहे. आईने पेन्सिलीनेच काढले. ती म्हणाली की जाळ्याचे भोक मोजणाऱ्या हाताला एवढे जमलेच पाहिजे. डावा पाय उजव्यापेक्षा रुंद निघाला आहे, ते चुकीने नाही, तो खरेच सुजला आहे.

पत्र लवकर यावे. तुझ्या अक्षरानेही बरे वाटते.

तुझी,
रीता


घुग्घुस
१४ ऑक्टोबर २००१

चि. रीता हिस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी नाही म्हणायला जागाच नाही. चित्र बघून कय्यूमभाई खूश झाले, तुझ्या आईचा हात कारागिराचा आहे म्हणाले. नागपूरहून मागवलेला एक जोड त्यांनी काढला, तोही तसा दिला नाही. डावा बूट रात्रभर लाकडी फर्म्यावर चढवून रुंद केला, आत जाड स्पंजाचा तळ चिकटवला, टाचेपाशी मऊ चामड्याची पट्टी स्वतः शिवली. तुझी भरतीची गोष्ट सांगितली तेव्हापासून ते तुला आपल्याच घरची पोरगी समजतात. त्यांच्या घरच्या सईदाभाभींनी मालिशचे तेल दिले आहे, तेही सोबत आहे. झोपताना लाव.

एका सुटीत येऊन जावे असे मनात होते, पण इकडे ट्रकांचा इतका राबता की साहेब सुटीचे नाव काढू देत नाही. दिवसभर धूळ खातो आणि खोलीवर येऊन झोपतो. फार दिवस झाले, घरचे मासे खाल्ले नाहीत.

बूट घातल्यावर दोन-चार दिवस नुसती चाल. मग धाव. आणि पहिल्यांदा धावलीस की लगेच लिही, मी वाट बघतो आहे. आईस नमस्कार. आठवण काढत जा, मला उचकी लागली की कळते.

तुझा,
सूरज


मु. डोंगरतळोधी
१८ नोव्हेंबर २००१

तीर्थरूप भाऊस,
रीताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊ, बूट लागले! आग गेली. खरेच गेली, तुझे मन राखायला लिहीत नाही.

पहिले काही दिवस जरा ठणकत होते, सईदाभाभींचे तेल लावत होते. मग आग हळूहळू बसत गेली, आणि दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन परत आले तरी मला पायाची आठवणच झाली नाही. कापसावर धावल्यासारखे वाटते. आता अन्नपूर्णा मागे राहते आणि मी थांबते. कय्यूमभाईंना सांग, त्यांच्या हाताला यश आहे. या बुटांच्या जोरावर मी मैदान मारणार.

दुसरी गोष्ट वाचून तुला आनंद होईल. तलावात शिंगाडे निघत आहेत, मीही आईसोबत उतरते. तुला आठवते ना, लहानपणी गाळातले शिंगाड्याचे काटे तळव्यात घुसले की आपण दोघे कसे बोंबलायचो? बाबा हसायचे आणि म्हणायचे, अजून पाय कच्चा आहे. यंदा मी दिवसभर गाळात उभी राहिले आणि एक काटा लागला नाही. वर येऊन बघते तर डाव्या तळव्यात दोन काटे मोडून बसलेले, आणि मला पत्ताही नाही. आईने ते सुईने काढले तेव्हाही काही वाटले नाही. आई इतकी हरखली की पाळीवरच्या सगळ्या बायांना माझा पाय उचलून दाखवला. म्हणाली, “माह्या पोरीचा पाय मुरला. आता हे खरी ढिवरीन झाली.” त्यांतल्या गुणाबाईंच्या सुनेचा पाय अजून मुरला नाही म्हणून त्यांचे तोंड जरा उतरले. मलाही फार अभिमान वाटला. पोलीस होणार असले तरी बाबांच्या घराण्याचा पाय माझ्याकडे आला.

उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी कंडक्टरकडे दिली आहे, अर्धी कय्यूमभाईंच्या घरी दे. सगळी एकट्याने संपवू नकोस. आमची माया त्या पिशवीपेक्षा जड आहे असे समज.

तुझी,
रीता


घुग्घुस
२ डिसेंबर २००१

चि. रीता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र शिफ्टमध्ये चार जणांना वाचून दाखवले. कय्यूमभाईंकडे नेले, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होते, तरी त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावले. आता येईल त्याला सांगतात की माझ्या जोड्याने एका पोलीसवाल्या पोरीचा पाय बरा झाला. पोलीसवाली व्हायची आहे अजून, असे मी म्हटले तर म्हणाले, झालीच समजा.

काटा लागेनासा झाला हे वाचून माझा जरा जळफळाटच झाला. मी घराण्यातला थोरला, आणि माझा पाय इथे गमबुटात राहून लोण्यासारखा झाला. गावी आलो की तलावात उतरायची छाती होणार नाही.

जोमाने धाव. मैदानाची तारीख कळली की कळव, मी काहीही करून येतो. आईला म्हणावे, हे शिंगाडे शेवटचे, पुढच्या वर्षी पाण्यात उतरायचे नाही. तुम्हा दोघींची कृपा राहू द्या.

तुझा,
सूरज


मु. डोंगरतळोधी
२० जानेवारी २००२

आदरणीय सूरजभाऊ यांस,
अन्नपूर्णाचा स. न. वि. वि.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे. रीताने आणि तुमच्या आईने, इंदिराकाकूंनी, तुम्हाला काही कळवू नये असे ठरवले आहे. मला ते पटले नाही म्हणून त्यांना न विचारता लिहिते. राग आला तर माझ्यावर काढा.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या धावत होतो. रीता पुढे होती. रस्त्यापर्यंत गेलो, परत पाळीवर आलो, ती हसत होती. मी म्हटले, तुझा बूट कशाने भिजला? तिने खाली बघितले आणि म्हणाली, दवाने असेल. दव लाल नसते. बूट काढला तर आतल्या तळातून खालून घुसलेला एक खिळा टाचेत गेला होता. सगळी धाव ती त्या खिळ्यावर धावली होती, सूरजभाऊ. तिला कळले नव्हते. मी खिळा उपटला तेव्हाही ती माझ्याकडे बघत होती, जसे दुसऱ्याच कुणाचे काम चालले आहे.

मी रडायला लागले आणि ती मला समजावत होती की अगं लागले नाही. काकूंनी हळद भरली. जखम भरेना, वास येऊ लागला, तरी तिला दुखेना. पाय मुरला म्हणून दुखत नाही, असे काकू दोन दिवस म्हणत राहिल्या. मग एकदा चुलीजवळ बसल्या असता निखारा उडून रीताच्या करंगळीवर पडला. कातडे जळल्याचा वास आला तेव्हा काकूंनीच तो झटकला. त्यानंतर त्यांनी ते शब्द पुन्हा उच्चारले नाहीत.

आरोग्य उपकेंद्रात कुष्ठरोगाचे काम बघणारे सर येतात, त्यांच्याकडे मी तिला आणि काकूंना नेले. त्यांनी तिला तोंड भिंतीकडे करायला सांगून पेनाच्या टोकाने तळव्याला स्पर्श केला आणि कुठे लागते ते विचारले. ती गप्पच राहिली. ते परत परत लावत होते आणि ती विचारत होती, सर, सुरू कधी करणार? पोटरीच्या मागे तिला एक फिकट चट्टा आहे, पाण्यात राहून आलेले शिबे म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिला होता. तो बघितल्यावर त्यांनी नाव सांगितले. काकूंनी तिथेच भिंतीला डोके टेकले.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. गावात कळले आहे. आम्ही धावायला जाणाऱ्या मुलींत आता मी एकटीच तिच्याकडे जाते. माझी आईही जाऊ नको म्हणते, पण मी जाते.

मैदानाची तारीख आली आहे, १३ फेब्रुवारी. रीता म्हणते मी धावणार. तिचे म्हणणे असे की पाय दुखतच नाही तर धावायला अडचण काय.  तुम्ही काहीतरी करा. आपल्या घरच्यांसारखीच मला समजावी ही विनंती.

आपली,
अन्नपूर्णा


घुग्घुस
२७ जानेवारी २००२

चि. रीता हिस,
अनेक आशीर्वाद.

अन्नपूर्णेचे पत्र आले. तिला एक शब्द बोलायचा नाही. तू आणि आईने मला परका केलेत याचा राग आला होता, तो आता नाही. आता नुसती भीती आहे.

मी चंद्रपूरला सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. त्यांनी नीट बसवून समजावले. रोग बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की तुझ्यापासून कुणाला लागत नाही, हे आईला आणि ठमाबाईंना मोठ्याने वाचून दाखव. पण नस मेली असेल तर तिचे सांगता येत नाही. तुझी ती आग, ती बुटाची नव्हतीच. घोट्याजवळची नस सुजली होती. त्या दिवसांत औषध मिळाले असते तर ती वाचली असती. आग थांबली म्हणून आपण सगळे नाचलो, तेव्हा ती नस गेली होती. मी हे ऐकले आणि मला बाईंसमोर हुंदका आवरेना. त्या म्हणाल्या, असे खूप जणांचे होते, दुखणे थांबले की माणसे यायची थांबतात.

आता नीट ऐक. बाई म्हणाल्या की बोटे झडतात ती रोगाने नाही, न कळलेल्या जखमांनी. टाचेची जखम हाडापर्यंत गेली तर पाय कापावा लागतो. त्यांनी मला अशी माणसे दाखवली, रीता. म्हणून सांगतो, मैदानावर जायचे नाही. मला तुझी नोकरी नको. तुला आणि आईला इथे माझ्या खोलीवर आणतो, तिघे मिळून कोळसा खाऊ. मी रजेचा अर्ज टाकला आहे, साहेबाने नाही म्हटले तरी १४ तारखेला येतो. त्याआधी सुटका नाही, माझ्या जागी माणूस नाही. तोपर्यंत घरी बस. थोरला भाऊ म्हणून आजवर तुला काही हुकूम केला नाही, हा पहिला आहे.

कय्यूमभाईंना सांगितले. ते म्हणाले, तो जोडा परत आण, मी जाळतो. आता दुकानात ते कुणाला ती गोष्ट सांगत नाहीत.

रागावलीस तरी चालेल, पण जीव लाव आणि ऐक.

तुझा,
सूरज


मु. डोंगरतळोधी
१७ फेब्रुवारी २००२

तीर्थरूप भाऊस,
रीताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तू आलास, एक दिवस राहिलास आणि गेलास. त्या दिवसभरात मी तुझ्याशी धड बोलले नाही. आईसमोर बोलवत नव्हते, आणि तूही विचारले नाहीस. म्हणून लिहिते.

तुझा हुकूम मी मोडला. अन्नपूर्णेला शपथ घातली आणि तिच्यासोबत गडचिरोलीला गेले. तिने जखमेवर जाड पट्टी बांधली, वरून दोन मोजे चढवले, बूट घातलेच नाहीत. कुणी काही विचारले नाही, छातीवर नंबर लावला आणि उभे केले. भाऊ, मी चांगली धावले. दम होता, छाती मोकळी होती. फक्त डावा पाय कुठे पडतो ते बघत धावावे लागत होते, कारण तो जमिनीवर टेकला की नाही हे मला बघितल्याशिवाय कळत नाही. माझ्यापुढे एकच मुलगी होती. मनात आले, पाय जातो तर जाऊ दे, आधी आईला पाण्यातून काढते, मग बघू. खोटे कशाला लिहू, मी हेच ठरवून गेले होते.

मैदानावर चुन्याची पांढरी रेघ आखली होती. मी तिच्यावरूनच धावत होते. शेवटची फेरी सुरू झाली आणि त्या रेघेवर मला लाल ठसे दिसले. डाव्या पायाचे, एका आड एक. आधी वाटले, कोण बिचारी जखमी झाली. मग ते माझेच, मागच्या फेरीतले, हे ध्यानात आले. पाय फुटला होता आणि त्याने मला सांगितले नव्हते. मी अजून एक फेरी धावले असते तरी त्याने सांगितले नसते. पूर्ण झिजून गेला असता तरी नाही. मला एकदम इतकी भीती वाटली की मी तिथेच रेघेवर बसले.

एक पोलीस बाई धावत आल्या. पाय दुखते का, विचारले. मी नाही म्हटले. त्या चिडल्या. म्हणाल्या, “दुखत नाई तं मंग बसली काऊन? दुसरा नंबर होता तुहा.” मी म्हटले, “बाई, दुखत नाई म्हणूनच बसली.” त्यांना वाटले मी थट्टा करते. त्यांनी वहीत माझा नंबर खोडला आणि दुसऱ्या मुलींकडे गेल्या. अन्नपूर्णा पास झाली. माझ्याजवळ येऊन ती हसली नाही, म्हणून मीच हसले.

ऑगस्टात मी देवाजवळ मागत होते, ही आग जाऊ दे. आता कुणी ती परत देईल तर मी ती जन्मभर सोसायला तयार आहे. पाळीवर बसून रडेन, पण कुणाला चिलट गेले म्हणून सांगणार नाही.

बाकी तू बघितलेच आहेस. सोसायटीच्या बायांनी आईला सांगितले की बाजारात मासे विकायला बसू नको, लोक घेणार नाहीत. पाण्यात उतरायला मात्र हरकत नाही. म्हणजे आईने पकडायचे आणि दुसऱ्यांनी विकायचे. मी आईला म्हटले, नको उतरू. ती सकाळी जाळे घेऊन निघते. सावलीच्या लोकांचा निरोप आला, ते दुसरीकडे बघत आहेत. ठमाबाईंनी तो आईला सांगितला नाही, मला सांगितला. माझ्यामुळे झाले, हे मला माहीत आहे, तू नाही म्हणू नकोस. घुग्घुसला यायचे तू म्हणतोस, पण आई तलाव सोडून जगेल असे मला वाटत नाही.

सरांनी सांगितले तसे मी रोज पाय बघते, पाण्यात भिजवते, तेल लावते. गोळ्या चुकवत नाही. त्याची काळजी करू नकोस.

एकच मागणे आहे. तू पुन्हा येशील तेव्हा डॉक्टरीणबाई नसेबद्दल जे म्हणाल्या ते आईसमोर काढू नकोस. सर मला गोळ्यांनी बरे होईल म्हणाले ते तिने ऐकले आहे, आणि बरे होणे म्हणजे सगळेच परत येणे, असे तिने धरले आहे. पाण्यातून आली की ती आधी माझा डावा पाय मांडीवर घेते. अंगठा दाबते आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारते, कळते का. मग एकेक बोट, मग टाच. मी तिच्या हाताकडे बघते आणि सांगते, हो, अंगठा. हो, करंगळी. हो, टाच. तिचे डोळे भरून येतात. काल तिने ठमाबाईंना सांगितले की पोरीचा पाय परत येतो आहे. डोळे मिटून सांग, असे तिला अजून सुचलेले नाही.

माझ्यावर जीव असू दे.

तुझी,
रीता